कोऱ्या जागेतली घरं

सातवीच्या वर्गात नुसता गलका चालला होता. वनमोरे बाईंनी गावाचा नकाशा करायचा प्रकल्प दिला होता आणि प्रत्येक गट शाळेच्या टॅबवर आपापलं घर शोधून त्याला नाव देत होता. अंबिकाच्या जिवाला मात्र चैन नव्हतं. दगडखाणीजवळचा भाग ती बोटांनी पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होती. तिच्या वस्तीच्या जागी काहीच नव्हतं.

"तिकडं काय आहे दाखवण्यासारखं?" गटातला सुजय वैतागला. "सोड ना, आपली बाजारपेठ राहिलीय अजून."

अंबिकानं टॅब खाली ठेवला, परत उचलला आणि एकदम उभी राहिली.

"बाई, आई बाळंतपणात अडली तेव्हा अॅम्ब्युलन्स बोलावली होती. ड्रायव्हरला वस्तीच सापडली नाही. तो फोनवर रस्ता विचारत राहिला आणि इकडं आमचं बाळ गेलं."

बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. मग त्या म्हणाल्या, "चपला घाला रे सगळ्यांनी. आज वर्ग वस्तीवर."

खाणीच्या कच्च्या रस्त्यानं पोरं निघाली. सुजय प्रत्येक वळणाची टॅबवर खूण करत होता. अंबिका पुढं पळायची, थांबायची, मागं वळून सगळ्यांना हाका मारायची. झोपड्या आल्या तसं सुजयनं हळूच विचारलं, "इथं काय लिहू? खाणीवरची वस्ती?"

"ते तुम्ही म्हणता," अंबिका म्हणाली. तिनं टॅब आपल्याकडं घेतला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, यल्लम्मानगर.