ड्रॉइंगमध्ये नसलेली रिंग

तपासनीस बाईंनी चौथा स्क्रू काढला, झाकण उचललं, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. प्रयोगशाळेतून परत आणलेल्या पॉवर सप्लायच्या पोटात, तारेभोवती, अंगठीएवढी काळी फेराइटची रिंग होती. टेबलावर पसरलेल्या ड्रॉइंगमध्ये ती कुठेच नव्हती.

"हे काय?"

कारखान्याचे मालक वाकून बघायला लागले. "मॅडम, शपथेवर सांगतो, हे माझं नाही."

"तुमच्याच नमुन्यात निघालंय. आभाळातून पडलं नाही."

संशय आठवडाभरापासूनचा होता. विजेवर चालणारी वस्तू आपल्याभोवती एक न ऐकू येणारा गोंगाट करते; मग शेजारचा रेडिओ खरखरतो, फोन गुणगुणतो. तारेभोवती फेराइटची रिंग घातली की तो बराच दबतो. हा गोंगाट किती चालेल, त्याची मानकं दोन. घरात वापरायच्या वस्तूंना कडक, कारखान्यातल्या वस्तूंना सैल. मालकांनी अर्जात सैल मानक निवडलं होतं. नमुना मात्र घरगुती मानकातही सहज बसेल इतका शांत निघाला, झोपलेल्या बाळासारखा. सवलत मागणाऱ्याला सवलतीची गरजच नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी असे साळसूद नमुने पुष्कळ पाहिले होते. परीक्षेपुरता एक शहाणा घडवायचा आणि बाजारात त्याचे दंगेखोर भाऊ पाठवायचे. म्हणून आज त्या न कळवता आल्या होत्या. माल नमुन्यासारखा निघाला नाही तर मान्यता रद्द. मान्यता गेली की दाराला कुलूप आणि तीस माणसं घरी.

"बांधलेल्या खोक्यातला एक आणा. नको, मीच घेते."

बाईंनी अगदी तळाचा सप्लाय उपसला. उघडला. रिंग होती. दुसरा उघडला, तिसरा उघडला. खोक्यातल्या आठही सप्लायमध्ये रिंग होती.

"मी येणार हे कोणी कळवलं तुम्हाला?"

"कळलं असतं तर निदान चहा तरी सांगून ठेवला नसता?"

कोणी हसलं नाही. मान्यता नसलेला भाग मालात घालणं हाही गुन्हाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांनी मान वर केली आणि ओळीने बसलेल्या माणसांकडे पाहिलं. तारांना सोल्डरचे डाग लावणारा, त्याचा भाऊ पलीकडच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात होता. खोकी बांधणारी, तिची रजा परवाच नाकारली होती. ज्याच्याकडे बघावं तो चोर वाटायला लागला.

"कोण मला बुडवायला निघालंय? आत्ताच बोला."

हात थांबले.

कॉइल गुंडाळणारी मावशी उठली. उठताना तिने एकदा दाराकडे पाहिलं. दाराशी स्टुलावर तिचा नवरा बसला होता, कारखान्याचा वॉचमन.

"मी घातल्या."

"मावशी, तुम्ही?" मालकांचा आवाज फाटला. "कोणी सांगितलं? काय दिलं त्यांनी?"

"कोणी काय द्यायचं? भंगारातल्या जुन्या केबलींच्या रिंगा आहेत. कोणाच्या ताटातलं ओढलं नाही मी."

"मग कशासाठी?"

"मागच्या भिंतीला लागून आमची खोली. भिंतीच्या अलीकडे तुम्ही नवे सप्लाय दिवसभर चालू ठेवून तपासता. ते चालू झाले की ह्यांच्या कानातल्या मशीनमध्ये पोळं उठायचं नुसतं. मी हाक मारायची आणि ह्यांनी माझे ओठ बघत बसायचं. कॉइल गुंडाळण्यात जन्म गेला माझा, कोणती तार कशाने गप्प बसते एवढं कळतं. एक रिंग घालून पाहिली. घोंघों उतरली. मग घालतच गेले."

"कानातलं मशीन?"

मावशीने ओठ मिटले, पण उशीर झाला होता. अकरा वर्षं, भर उन्हाळ्यातसुद्धा, कानटोपीखाली झाकलेली गोष्ट तिच्याच तोंडून सांडली होती.

"म्हणजे माझा वॉचमन बहिरा?"

"बहिरे नाहीत हो. तुमचे सप्लाय गप्प बसले की मांजराचं पाऊलसुद्धा ऐकतात."

डाग लावणारा फिसकन हसला आणि त्याने ते हसू खोकल्यात लपवलं.

बाईंनी झाकण परत बसवलं. मग त्यांनी बॅगेतून कोरा अर्ज काढून मालकांपुढे ठेवला. "रिंग ड्रॉइंगमध्ये घ्या. अर्ज नव्याने भरा. फेरतपासणी होईपर्यंत माल थांबेल, मान्यता जाणार नाही. मानक कोणतं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

"माझा माल कारखान्यांतच जातो, मॅडम. तिथे सैल मानक चालतं."

"चालतं. कारण जवळपास कोणी राहत नाही असं त्यात धरलेलं आहे. तुमच्या गिऱ्हाइकांकडे वॉचमन नसतात का?"

मालकांनी दाराकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आत काय चाललंय ते दाराबाहेर लक्ष ठेवून बसलेल्या वॉचमनला कळलं नव्हतं. इतके डोळे आपल्याकडे वळलेले बघून तो घाईने उठला, कानटोपी नीट केली आणि ताठ उभा राहिला.

मावशीने हाताची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवली होती.

मालकांनी पेन उघडलं. 'घरगुती'पुढे खूण केली. खाली रकाना होता, मानक बदलण्याचं कारण. तिथे त्यांनी लिहिलं, 'भिंतीपलीकडे घर आहे.'