उतारा

पाचव्या दिवशी संध्याकाळी साळुबाईनं पाट्यावर सटवाईची पूजा मांडली. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं. वृषालीच्या उशाखाली विळा सरकवला. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचला.

अंबाबाई कौतुकानं बघत होती. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला ती पलीकडच्या गावातून रोज निमगावला यायची. असं काम करणाऱ्या बाया निमगावातही होत्या, पण साळुबाईनं मुद्दाम बाहेरची बोलावली होती.

इतक्या मायेनं केलेलं बाळंतपण अंबाबाईनं पाहिलं नव्हतं. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं साळुबाई स्वतः करायची. वृषालीला गार पाण्यात हात घालू द्यायची नाही. पुण्यात वाढलेली वृषाली या सगळ्याला हसायची, पण मोडता घालायची नाही. ती साळुबाईला 'तुम्ही' म्हणायची. शिकलेल्या पोरींची तऱ्हा, असं अंबाबाईला वाटलं.

जावई आदेश रविवारी चाकणहून यायचा. तान्ह्या पोरीला जरा वेळ मांडीवर घ्यायचा, मग ओसरीवर गेणूजवळ, साळुबाईच्या नवऱ्याजवळ, बसून राहायचा. खोलीत त्याचा पाय ठरत नसे.

एक गोष्ट मात्र अंबाबाईला खटकायची. बाळाला तेल लावताना साळुबाई शेजारी हसत बसलेली असायची आणि मधेच उठून स्वयंपाकघरात जायची. परत यायची ती डोळे लाल करून. धूर लागला म्हणायची. स्वयंपाक तर गॅसवर व्हायचा.

नवव्या दिवशी बाळ पिवळं पडलं. दूध ओढेना, डोळे उघडेना. अंबाबाईनं त्याला उजेडात नेऊन पाहिलं आणि हे बाहेरचं आहे असं सांगितलं.

"बाळंतपणात मेलेली बाई आसंल कुणीतरी," ती म्हणाली. "तिला दुसरीचं लेकरू बघवत न्हाई. दहीभाताचा उतारा काढा आन् शिवेबाहेर नेऊन ठिवा. मंग ती परत ह्या घरात यायची न्हाई."

गेणू उठला आणि गोठ्याकडं निघून गेला. वृषालीनं मान खाली घातली.

"उतारा काढायचा न्हाई," साळुबाई म्हणाली.

अंबाबाईला कळेना. विळा ठेवणारी, धुरी देणारी ही बाई नेमकं हेच का नाकारतेय? लेकरू हातचं जाईल, असंही तिनं बजावलं. साळुबाईनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं, वृषालीला चपला घालायला सांगितल्या आणि शेजारच्या गोकुळची जीप काढायला लावली.

नारायणगावच्या दवाखान्यात बाळ तीन दिवस निळ्या दिव्याखाली होतं. साळुबाई तिन्ही दिवस बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. घरी जाऊन चार घास खाऊन या, असं वृषालीनं विनवलं, तरी हलली नाही. चौथ्या दिवशी बाळ खणखणीत रडलं, तेव्हा तिनं पदरात तोंड खुपसलं.

सव्वा महिना झाला आणि आदेश दोघींना न्यायला आला. साळुबाईनं वृषालीची ओटी भरली, बाळाच्या गालाला तीट लावली. वृषाली पाया पडली आणि बराच वेळ वर उठलीच नाही. मग गाडी गेली.

ओसरीवर दोघीच उरल्या. साळुबाईनं अंबाबाईला लुगडं दिलं, कुंकू लावलं. अंबाबाईला आता राहवेना. लेकीसाठी एवढं सगळं केलंत, मग उताऱ्यालाच नको का म्हणालात, असं तिनं विचारलं.

"ती माजी लेक न्हाई," साळुबाई म्हणाली. "आमच्या जावयाची दुसरी बायको हाय. तिला आय न्हाई, म्हणून मी आणली. माजी आरती ह्याच खोलीत बाळंतपणात गेली, लेकरासकट. तुमी म्हंता तशी ती घरात येत आसंल, तर माहेराला आलेल्या लेकीला शिवेबाहेर कशी घालू?"