भंडाऱ्याची शपथ

"भंडारा उचला आणि म्हणा, मत आमदारसाहेबांनाच!" पुजारी ओरडला. खंडोबाच्या देवळात सगळं गाव रांगेनं पुढे सरकत होतं. हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द इथं कुणी मोडत नसे. त्याच जोरावर साहेब पंचवीस वर्षं निवडून येत होते.

त्यांच्याविरुद्ध उभी राहिलेली तरुण शिक्षिका, प्राजक्ता, खांबाशी धुमसत होती. शाळेचं नवंकोरं छप्पर कोसळून तिच्या वर्गातली मुलगी गेली होती. आणि आता पुजाऱ्याच्या हातातल्या भंडाऱ्याच्या ताटापुढे तिचे स्वतःचे वडील उभे होते.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"देवापुढं नाही कसं म्हणू, पोरी?"

पुजाऱ्याशेजारी उभे असलेले साहेब हसले. "बाई, घरातलं मत मिळेना आणि निघालात विधानसभेला!"

प्राजक्तानं पुजाऱ्याच्या हातातलं ताट हिसकावलं आणि साहेबांपुढे धरलं. "उचला. म्हणा, छपराच्या कामात मी पैसे खाल्ले नाहीत."

साहेबांचा हात भंडाऱ्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"देवाला राजकारणात ओढू नका," ते पुटपुटले.

"मग आम्हाला इथं कशाला उभं केलंत?" तिचे वडील कडाडले.