रविवारचे तंतू

वत्सलाबाईंनी यंत्राच्या नळीत श्वास सोडला आणि त्यांच्या फुफ्फुसात रुतलेला एकेक तंतू तारखेसकट पडद्यावर उमटू लागला.

"अ‍ॅस्बेस्टॉस आहे," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "कोणत्या कारखान्यात कामाला होता तुम्ही?"

"मी कुठेच नाही. हे होते, पत्र्यांच्या कारखान्यात. सेफ्टी सुपरवायझर."

शेजारी बसलेल्या रघुनाथरावांची तपासणी आधीच झाली होती. कामावर त्यांनी मास्क कधी उतरवला नव्हता. त्यांची फुफ्फुसं स्वच्छ निघाली होती.

डॉक्टरांनी तारखा चाळल्या. "एकोणीस वर्षं, आणि सगळे रविवारच. रविवारी काय करायचात?"

"यांचे कामाचे कपडे धुवायचे. आधी न्हाणीघरात झटकून घ्यायचे, नाहीतर पाण्याचा नुसता राडा व्हायचा."

"ते कपडे घरी न्यायला बंदी असते. कारखान्यातच धुलाईघर असतं."

"ते बंद पडलं होतं," रघुनाथराव खाली बघत म्हणाले. "चालू आहे म्हणून सही मीच करायचो. पण झटकलेली धूळ इतकी वाईट असेल असं वाटलं नव्हतं गं."

वत्सलाबाईंनी समजुतीने मान हलवली. मग त्यांना ते रविवार आठवले. आपण कपड्यांचं बोचकं सोडलं की हे लगबगीने येऊन न्हाणीघराचं दार बाहेरून ओढून घ्यायचे. पाणी बाहेर उडतं, म्हणायचे.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "झटकताना कपडे कोरडेच असायचे."