अमेरिकेचं गिऱ्हाईक

१९९९ साल. दहिवडीचा धनाजी जीपवर भोंगा बांधून गावोगावच्या बाजारात घोंगडी विकायचा. यंदाही दसऱ्याला त्याची बायको मंगल हिनं चरख्याबरोबर भोंग्यालाही हळदकुंकवाची बोटं ओढली होती.

पुढच्याच आठवड्यात एक सर भेटले. त्यांनी साताऱ्यात इंटरनेटवरच्या जाहिरातीचा क्लास काढलेला. टाय इतका आवळलेला, की अकलेला वर चढायला वाटच राहिली नसावी.

"भोंगा म्हणजे निव्वळ अडाणीपणा, धनाजीराव. बोंबलत फिरायची लाज वाटत नाही? इंटरनेटवर दुकान टाका. गिऱ्हाईक अमेरिकेतून येईल."

"पर सर, आमच्या गिऱ्हाइकाच्या घरात फोन बी न्हाई."

"म्हणूनच तुम्ही मागे राहिलात!"

धनाजीला ते लागलं. सरांनीच धाडलेल्या माणसाला त्यानं भोंगा विकला, सरांकडूनच वेबसाइट करून घेतली आणि अमेरिकेची वाट बघत बसला. मेंढरंसुद्धा इतक्या मुकाट्यानं खड्ड्यात उतरत नाहीत. थंडी पडली, तरी घोंगड्यांची थप्पी घरातच.

दिवाळी झाल्यावर नवरा-बायको साताऱ्याच्या बाजारात गेले. तिथं एक रिक्षा कोकलत चालली होती, "भोंग्याचा जमाना संपला! इंटरनेटवर विकायला शिका! सरांच्या क्लासला आजच नाव घाला!"

मंगल जागीच थांबली. "आवं, रिक्षाच्या टपावर बघा की."

 

भोंग्यावरची तिची बोटं अजून पुसली नव्हती.