तारखेचा रकाना

‘‘हे प्रकरण कुणी भरलंय?’’ भिंगकाकांनी कागद हवेत नाचवत विचारलं.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. ‘‘मी.’’

खून झालेल्या बायकांची मोजणी करणारं ते छोटंसं कार्यालय. कोण चोराशी झटापटीत गेली आणि कोण केवळ बाई म्हणून मारली गेली, हे इथे ठरायचं. नावगाव झाकून प्रकरण दोघांनी वेगवेगळं वाचायचं. दोघांचं मत जुळलं, तरच ते मोजायचं. दुसरं वाचन नेहमी भिंगकाकांचं. चहात साखर आहे हेसुद्धा ते पुराव्याशिवाय मानत नसत.

आज तिला असाच माणूस हवा होता. सकाळी फोनवर आईने तिला झटकून टाकलं होतं. ‘‘धाकटीचा नवरा जरा तापट आहे, इतकंच. त्या ऑफिसात बसून तुला सगळीकडे मुडदेच दिसतात!’’ तेव्हापासून तिचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. मग तिने हा कागद भरला आणि गुपचूप काकांच्या गठ्ठ्यात सरकवला.

‘‘मोबाइल नवऱ्याच्या ताब्यात,’’ काका वाचू लागले. ‘‘माहेरी जाते म्हटलं, तर ‘जिवंत जाणार नाहीस’. दोनदा गळा दाबला, वर ‘गंमत केली’ म्हणून हसला. अगं, यात ठरवायचं काय? डोळे झाकून आपल्या मोजणीत धरायचं! पण मरणाची तारीख कुठाय? इतकी मुरलेली तू, आणि तारीख विसरतेस?’’

‘‘विसरले नाही, काका.’’ तिने पर्स खांद्याला अडकवली. ‘‘माझी धाकटी बहीण आहे ती. नवरा संध्याकाळी घरी येतो.’’

काकांनी चष्मा काढला. मग खणातून गाडीची किल्ली घेतली. ‘‘चल. वाटेत पोलिसांना फोन लाव.’’

धाकटीने दार उघडलं. ताईच्या मागे उभ्या अनोळखी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

‘‘आत्ता?’’

‘‘आत्ताच.’’

तिने गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि निघाली.

रात्री ताईच्या स्वयंपाकघरात धाकटी कुरकुरत होती, ‘‘काय गं हे! एका डब्याला त्याचं स्वतःचं झाकण नाही!’’ ताई हसता हसता रडली.

वर्ष सरलं. तक्रार झाली, नवऱ्याला कोर्टाने लांब ठेवलं, धाकटीला नोकरी लागली. ताईच्या घरातले डबे तिने एव्हाना झाकणांसकट बदलून टाकले होते.

वर्षाची बेरीज करताना काकांच्या हाती तोच कागद आला. तारखेचा रकाना अजून कोराच होता. त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली.

‘‘माझं वाचन चुकलं,’’ ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आणि चूक झाली म्हणून एवढा खुललेला चेहरा तर कुणी पाहिलाच नव्हता.