पडीक वर्ष

यंदा मलेरियाची गोळी बंद ठेवायची पाळी वेंगेटोल्याची होती.

"वर्षभर गोळी दिली नाही, की जंतू तिच्याशी लढायचं विसरतात. मग ती पुन्हा लागू पडते," आरोग्य अधिकारी म्हणाले. "तुम्हीही शेत पडीक ठेवताच की!"

तापानं फणफणलेली लेक मांडीवर घेऊन बसलेली रुक्नी उसेंडी उसळली. "ठेवतो. पण ज्याचं शेत पडीक, त्याला सगळा गाव धान्य देतो. आमच्या वाट्याचा ताप तुमचं शहर घेणार का?"

अधिकारी जीपकडे वळले. चाकांपुढे बाया बसल्या होत्या.

"मुक्काम करा, साहेब," त्यांतली एक म्हणाली. "इथला डास पाहुण्यालाही सोडत नाही."

साहेबांचा हात नकळत खिशातल्या गोळ्यांवर गेला.

"त्याच द्या," म्हणत, लेकीला कडेवर घेऊन मागोमाग आलेल्या रुक्नीनं हात पुढे केला.